सरहद्दीच्या पलीकडचा इतिहास

गोरे आले, माळरान मोकळे केले, मेंढ्या पाळल्या आणि देश उभा राहिला, अशी ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाची सरधोपट गोष्ट अनेक वर्षे सांगितली जाई. तिथल्या मूळ रहिवाशांना तिच्यात फारशी जागाच नव्हती. ती मिळवून देणाऱ्यांत हेन्री रेनल्ड्स हे ठळक नाव. १९३८ साली टास्मानियातील होबार्ट येथे जन्मलेले रेनल्ड्स १९६०च्या दशकात क्वीन्सलंडमधील टाउन्सव्हिलला इतिहास शिकवू लागले.

पहिली अडचण साधनांची होती. मूळ रहिवाशांनी लिहिलेले कागद जवळपास नव्हते. मग रेनल्ड्स यांनी गोऱ्यांचेच कागद उलट बाजूने वाचले. पोलिसांची कुमक मागणारी पत्रे, प्रवाशांच्या रोजनिश्या, सरकारी अहवाल, जुनी वर्तमानपत्रे त्यांनी चाळली. वसाहतकार घाबरून तक्रार करतो, तेव्हा समोरचा प्रतिकार करत होता हेही तो नकळत नोंदवून जातो. त्याला मूळ रहिवाशांच्या तोंडी आठवणींची जोड मिळाली. यातून १९८१ साली ‘द अदर साइड ऑफ द फ्रंटियर’ हे पुस्तक आले. गोऱ्यांच्या आगमनाची बातमी त्यांच्याआधी कशी पोहोचे, लोखंड आणि काच हत्यारांसाठी कशी वापरली जाई, जनावरांवर हल्ले का होत, हे त्यात दिसते.

दुसरी अडचण आकड्यांची. गोरा मेला की सहसा नोंद होई. मूळ रहिवासी मेला तर क्वचितच. म्हणून गोऱ्यांशी झालेल्या संघर्षात सुमारे २०,००० मूळ रहिवासी मारले गेले, हा रेनल्ड्स यांचा आकडा मोजणी नव्हे, अंदाज होता. २००२ साली लेखक कीथ विंडशटल यांनी अशा आकड्यांवर आणि तळटीपांवर कडाडून टीका केली. उलट, नंतरच्या काही संशोधकांनी एकट्या क्वीन्सलंडसाठी याहून मोठे अंदाज मांडले.

तिसरा भाग कायद्याचा. टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात माळीकाम करणाऱ्या एडी माबो यांना टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरील आपली वडिलोपार्जित जमीन आपलीच वाटे. कायद्याने ती सरकारची आहे, हे त्यांना रेनल्ड्स आणि त्यांचे सहकारी नोएल लूस यांच्याशी बोलताना कळले. १९८२ साली माबो आणि इतर बेटवासी न्यायालयात गेले. दरम्यान, १९८७च्या ‘द लॉ ऑफ द लँड’मध्ये रेनल्ड्स यांनी १८३०च्या दशकातील लंडनच्या वसाहत खात्याचे कागद पुढे आणले. मूळ रहिवाशांचा जमिनीवर हक्क आहे, हे तिथल्या अधिकाऱ्यांनीच मान्य केले होते, असे त्यांचे म्हणणे होते.

३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सहा विरुद्ध एक मतांनी मूळ रहिवाशांचा भूमिहक्क मान्य केला. माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. १९९३ साली संसदेने त्यासाठी कायदा केला.

रेनल्ड्स यांच्या निष्कर्षांवर वाद होत राहतील. पण जिंकलेल्यांच्या कागदांतूनही हरलेल्यांची बाजू पुराव्यानिशी मांडता येते, हे त्यांनी दाखवून दिले आहे.