सिहोऱ्यातला संगणक तुमसरहून सुरू का होत नाही?

सेवा केंद्र सिहोऱ्याला, घर तुमसरला. रात्री एखादी फाईल लागते, मोबाईलवरून हुकूम दिला तरी तिकडचा संगणक ढिम्म हलत नाही. बंद संगणक नेटवर्कवरून सुरू करण्याची 'वेक-ऑन-लॅन' ही सोय १९९०च्या दशकापासून आहे, ती चांगली चालते. अडचण बहुधा आपल्या समजुतींत असते.

गैरसमज : बंद संगणकाला वीज लागत नाही, बोर्डावरचं बटण बंद केलं तरी चालतं.
वस्तुस्थिती : शटडाऊननंतरही पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू राहतो आणि त्यावरच नेटवर्क कार्ड जागं असतं. मागच्या लॅन पोर्टचा दिवा पाहा. तो विझत असेल तर बायोसमध्ये वीज वाचवणारा 'ईआरपी' पर्याय बंद आणि 'वेक ऑन लॅन' चालू करा.

गैरसमज : बायोसमध्ये सोय चालू केली की काम झालं.
वस्तुस्थिती : विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्या पद्धतीने बंद होताना विंडोज कार्डाला जागं करण्याची परवानगी देत नाही. पॉवर ऑप्शन्समधून ते काढून टाका आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचा 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' पर्याय चालू करा.

गैरसमज : आयपी पत्ता ठाऊक असला की पुरे.
वस्तुस्थिती : कार्ड ओळखतं ते स्वतःचा मॅक पत्ता. कार्डाला जागं करणाऱ्या संदेशात, म्हणजे मॅजिक पॅकेटमध्ये, सुरुवातीला 'एफएफ' ६ वेळा आणि मग तो पत्ता १६ वेळा, असे १०२ बाइट असतात. एका आयपीवर पाठवलेलं पॅकेट संगणक नुकताच बंद केला असेल तर पोहोचतं. थोड्या वेळाने राउटर तो आयपी कोणत्या कार्डाचा हे विसरतो. म्हणून पॅकेट ब्रॉडकास्ट पत्त्यावर पाठवा.

गैरसमज : इंटरनेट चांगलं असलं की कुठूनही जमतं.
वस्तुस्थिती : मोबाईलच्या आणि अनेक फायबर जोडण्यांत एकच सार्वजनिक आयपी पुष्कळ ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरचा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर बाहेरचं पॅकेट थेट आत येणार नाही. व्हीपीएनची सोय असलेल्या सेवेतून केंद्रातल्या कायम चालू राहणाऱ्या छोट्या यंत्रापर्यंत पोहोचा आणि पॅकेट तिथूनच सोडा. संगणक वायफायवर नको, केबलवर ठेवा.

गैरसमज : लाईट गेली-आली तरी सोय तशीच राहते.
वस्तुस्थिती : पुरवठा पूर्ण तुटला की अनेक संगणकांत कार्डाची तयारी पुसली जाते, एकदा विंडोज सुरू होऊन नीट बंद झाल्यावरच ती परत येते. बायोसमधला 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हा पर्याय 'पॉवर ऑन'वर ठेवा, म्हणजे लाईट आल्यावर संगणक आपोआप सुरू होईल. राउटरलाही इन्व्हर्टरवर घ्या.

तपासणी नेहमी जवळून सुरू करा. त्याच खोलीतल्या दुसऱ्या संगणकावरून पॅकेट पाठवा. संगणक उठला तर दोष बाहेरच्या वाटेत, नाही उठला तर संगणकातच. हे ठरल्याशिवाय इंटरनेट कंपनीकडे तक्रार करू नका आणि राउटरचा पोर्ट बाहेरच्यांसाठी उघडू नका.