किल्ल्याकडून रुळांकडे सरकलेलं डहाणू

स्टेशनच्या पाटीवर ‘डहाणू रोड’ लिहिलंय. जुनी माणसं मात्र आजही ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात, तेव्हा ती खाडीकडे निघालेली असतात. मूळ डहाणू तिकडे, पोर्तुगीज काळातल्या किल्ल्याच्या आसपास. वसई मोहिमेत, १७३९ साली, तो किल्ला मराठ्यांनी घेतला. पुढे १८६० च्या दशकात मुंबई-बडोदा रेल्वे आली ती गावाला बगल देऊन, आणि पेठ हळूहळू रुळांच्या कडेला येऊन बसली.

स्टेशनबाहेरचा बाजार पाहायचा तर सकाळी लवकर जावं. वाडीतून आलेले चिकू, खाडीची मासळी आणि पाड्यावरून डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या वारली बायका. त्या रस्त्याच्या कडेला फडकं पसरतात आणि पावसाळ्यात रानभाज्यांच्या जुड्या मांडतात. तलासरीकडची माणसंही इथेच उतरतात; बाजार, कचेरी, दवाखाना एकाच फेरीत उरकतात.

एवढी वर्दळ असूनही डहाणूचं वापीसारखं कारखान्यांचं शहर झालं नाही. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. प्रदूषणकारी उद्योगांना बंदी आली, उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकरांची मर्यादा पडली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये देखरेखीसाठी प्राधिकरण आलं. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचं अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळलं. १९९८ मध्ये या प्राधिकरणानं तालुक्यातल्याच वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. ‘यामुळे आमचा विकास अडला’ असं म्हणणारे इथे कमी नाहीत. मला मात्र वाटतं, वाड्या टिकल्या, मासळी टिकली, म्हणूनच ही पेठ टिकली.

एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटची लोकल इथवर आली आणि मुंबईचा नोकरदार डहाणूत घर शोधू लागला. आता विरार-डहाणू मार्गाचं चौपदरीकरण चालू आहे, आणि प्राधिकरणाच्या २०२३ च्या परवानगीनंतर, ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणीही झाली. स्टेशनभोवतीच्या जागेवर आता सगळ्यांचाच डोळा असणार. नवा बाजार बांधाल तेव्हा गाळे निघतील, पार्किंग निघेल. पण गाळ्याचं भाडं वारली बाईला परवडणार नाही. नकाशा काढणाऱ्यांनी आधी एकदा पहाटेच्या गाडीनं यावं आणि तिच्या फडक्याला किती जागा लागते ते मोजावं. चार हातसुद्धा भरणार नाही.