कळ ओसरेपर्यंत

रात्रीचे अडीच. पुण्यातल्या एका इस्पितळाची लेबर रूम. माझी भाची मोठ्या रबरी चेंडूवर बसून पलंगावर डोकं टेकून होती. कळ आली की तिची बोटं चादर आवळायची आणि त्याच क्षणी मागे बसलेल्या डूलाताईंचा तळहात माकडहाडाच्या जरा वर रुतायचा. कोपर ताठ, भार सगळा खांद्यातून. कळ ओसरली की हात सैल. मग पाण्याचा एक घोट आणि दोनच शब्द : "जबडा सैल."

"ताई, अजून किती वेळ?"

"ते डॉक्टर तपासून सांगतील. आपण ही एक कळ काढू."

या कामाची वेस इथेच आहे. डूला म्हणजे बाळंतपणातली सोबतीण. ती आतून तपासत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही. सुईण बाळ झेलते, डूला बाळंतिणीला. सिस्टरांची पाळी बदलते, डॉक्टर येऊन जातात. ही जागची हलत नाही. या सोबतीचा परिणाम मोजलाही गेलाय. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्या आणि १५ हजारांवर स्त्रिया होत्या. सतत सोबत मिळालेल्यांत नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त आढळलं, कळांचा काळही थोडा कमी.

डूला व्हायला वैद्यकीय पदवी लागत नाही. १९९२मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या डोना इंटरनॅशनलसारख्या संस्था प्रमाणपत्र देतात. त्यासाठी कार्यशाळा, वाचन, स्तनपानाचं शिक्षण आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष बाळंतपणांत सोबत करणं. लेबर रूममध्ये येऊ देतील का, हे मात्र प्रत्येक इस्पितळात आधी विचारून ठेवावं लागतं.

"शिकताना जड काय गेलं?" मी नंतर विचारलं.

"गप्प बसणं. बाई एपिड्यूरल मागते, तेव्हा 'थोडं थांब' अगदी ओठांवर येतं. पण कळ तिची, निर्णयही तिचा."

पहाटे बाळ रडलं आणि आम्ही सगळे त्याच्याकडे धावलो. भाचीला हुडहुडी भरली होती, हे फक्त ताईंनी पाहिलं. त्या तिच्या पायांत मोजे चढवत होत्या.

पुढे कँटीनमध्ये चहा आला. ताईंनी कप डाव्या हातात धरला. उजवा मांडीवर उताणा पडला होता.