आठव्या वर्षी घरी आलेली लेक

मूल दत्तक घ्यावयाचे ते तान्हेच असावे, अशी समजूत आपल्या घराघरांतून पक्की झालेली आहे. पाळण्यातले मूल आपलेसे करणे सोपे. त्यास मागची आठवण नाही, आणि काही वर्षांनी शेजाऱ्यांसही विसर पडतो. सहा-आठ वर्षांचे मूल म्हटले की चांगली शिकलेली मंडळीही मान हलवितात. ‘ते आता काय आपले होणार!’ हा अभिप्राय कोथरूडसारख्या पदवीधरांनी गजबजलेल्या वस्तीत आम्ही इतक्यांदा ऐकला आहे, की त्याचा एकदा समाचार घ्यावा असे फार दिवस मनात होते. मध्यंतरी आमच्या शेजारच्या घरी अशी एक आठ वर्षांची मुलगी आली, तीन आठवडे राहिली, आणि नव्या आईबापांबरोबर जर्मनीस गेली. ते दिवस जवळून पाहावयास मिळाले, म्हणून हा लेख.

प्रथम शास्त्राची गोष्ट; कारण विरोध करणारे पुष्कळदा शास्त्राच्याच आडोशाला उभे राहतात. नंदपंडिताची ‘दत्तकमीमांसा’ पाच वर्षांवरील मूल घेण्यास प्रतिकूल आहे, हे खरे. त्याचा आधार कालिकापुराणातील एक उतारा. परंतु ‘व्यवहारमयूख’कार नीलकंठभट्ट, ज्यांचे घराणे मूळचे पैठणचे, ते म्हणतात की हा उतारा पुराणाच्या काही प्रतींत मुळी आढळतच नाही, आणि विवाहित, पुत्रवान पुरुषही दत्तक होऊ शकतो. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी पुढे हाच पक्ष उचलून धरला. गंमत अशी की, मुलीचा प्रश्न आला म्हणजे दोघे पंडित जागा बदलतात. नीलकंठांच्या मते दत्तक तो मुलगाच. नंदपंडित मात्र दशरथाची शांता अंगदेशच्या लोमपादास आणि शूराची पृथा कुंतिभोजास दिल्याचे दाखले काढून मुलीचेही दत्तकविधान मान्य करतो. तात्पर्य, आठ वर्षांच्या मुलीस या दोघांपैकी एकाच्याही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता आले नसते! तिच्यासाठी दार उघडले ते १९५६ च्या दत्तकविषयक कायद्याने.

परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांच्या व्यवहारास शिस्त आली ती याहूनही पुष्कळ उशिरा. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निर्णय दिला, तो तिचा पाया. हेग येथील १९९३ चा करार आपल्या देशाने २००३ मध्ये मान्य केला. मूल आधी येथील व परदेशस्थ भारतीय पालकांना दाखवावयाचे, मग परक्यांना, असा आता क्रम आहे. ते परदेशी पोहोचल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी त्याच्या क्षेमकुशलाचा अहवाल इकडे यावा लागतो. पुण्यात १९७९ साली निघालेल्या भारतीय समाज सेवा केंद्रासारख्या संस्थांनी या कामी पुष्कळ कष्ट घेतले आहेत. तथापि मोठी मुले सातासमुद्रापार का जातात, असे कोणी विचारले, तर एक कारण आपल्याला आपल्याच दिवाणखान्यात सापडेल. येथे त्यांना मागणी नसते.

आता त्या घराकडे वळू. घर मृत्युंजयेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. आजी, आजोबा, थोरला मुलगा, त्याची पत्नी, दहा वर्षांचा नातू, असा एकत्र संसार. धाकटा मुलगा व सून बारा वर्षे जर्मनीत. मुलगी मराठवाड्यातील एका संस्थेत वाढलेली. दत्तकाचा आदेश झाल्यावर आईबाप तिला आणावयास आले. आणि व्हिसा हाती येईपर्यंत तिघांचा मुक्काम कोथरूडास झाला.

आजींचा बेत मोठा होता. सत्यनारायण, पेढे, सारा गोतावळा. धाकट्या सूनबाईंनी हात जोडून सांगितले की यातले आता काही नको. त्यांचे कारण ऐकून आम्ही चकित झालो. संस्थेतल्या मुलांना पेढे आणणारी माणसे नवी नसतात. कोणाचा वाढदिवस असतो, कोणाचे वर्षश्राद्ध. ती येतात, गालाला हात लावतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तेव्हा ज्याच्या हातात पेढ्याचा पुडा, तो संध्याकाळपर्यंत जाणार, एवढे त्या मुलांना अनुभवाने कळलेले असते. आजींनी मग एकटीनेच दारात औक्षण केले, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि तिला आत घेतले.

रात्री दुसरी अडचण. तिच्यासाठी स्वतंत्र खोली, नवा पलंग, गुलाबी चादर. मुलगी दाराशी उभी. वीस मुली शेजारी-शेजारी निजतात अशा दालनात जिचा जन्म गेला, तिला निःशब्द खोली म्हणजे शिक्षाच वाटणार. शेवटी दिवाणखान्यात गाद्या घालण्यात आल्या आणि आजोबांसकट सारे घर ओळीने निजले. एकत्र कुटुंबाचे दोष सांगणारे लेख आजवर पुष्कळ वाचले. ही एक सोय त्यांत कोणी लिहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी थोरल्या सूनबाईंना उशीखाली दोन पोळ्या सापडल्या. चोरी हा शब्द त्या घरात निघाला नाही, याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. आजींनी राजगिऱ्याच्या लाडवांचा एक डबा आणून तिच्या उशाशी ठेवला. ‘हा तुझा. संपला की मी भरीन. विचारायचे नाही.’ पहिले चार दिवस डबा सकाळी रिकामा असे. मग अर्धा. बाराव्या दिवशी तिने त्यातला एक लाडू चुलतभावाला दिला, आणि आजी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या.

भेटीस येणारी माणसे म्हणत, ‘मुलगी किती गुणी!’ ती आपले ताट आपण घाशी, न सांगता केर काढी, सर्वांना ‘मॅडम’ आणि ‘सर’ म्हणे. आईलाही मॅडमच. सायंकाळी सातच्या ठोक्याला हात जोडून उभी राही व संस्थेतली प्रार्थना मोठ्याने म्हणे. आजींनी आपली शुभंकरोती तिच्या मागाहून म्हणावयास सुरुवात केली. परंतु या गुणीपणाने सूनबाई धास्तावल्या होत्या. त्या म्हणत, ही अजून पाहुणी आहे. पाहुण्यासारखी वागते आहे. त्यांचे म्हणणे नवव्या दिवशी पटले. कॅरमच्या स्ट्रायकरवरून भावाशी तिचे कडाक्याचे भांडण झाले. सोंगट्या घरभर उधळल्या, बाईसाहेब कपाटामागे जाऊन बसल्या. आजोबांनी दोघांनाही सारख्याच सुरात दटावले आणि दोघांनाही सोंगट्या वेचावयास लावले. आमच्या मते त्या घरात मुलगी खरी आली ती त्या दुपारी. चुलतभावाच्या बरोबरीने बोलणी खाणे हा मान पाहुण्याला मिळत नाही.

त्या मुलाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. दत्तकाच्या गडबडीत घरातल्या मुलांचा विचार सर्वांत शेवटी होतो. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची कथा आहे. बापाने शंभर गाईंना विकलेला तो मुलगा यज्ञाच्या यूपावरून सुटला आणि विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. विश्वामित्राने त्याला पुत्र मानले, एवढेच नव्हे तर ज्येष्ठपद दिले. एकशे एक पुत्रांपैकी मधुच्छंदाहून थोरल्या पन्नासांना ते रुचले नाही, व ते शापाचे धनी झाले. मधुच्छंदाने आणि धाकट्यांनी मान्य केले. ऋषींच्या घरी जर निम्मी मुले बिथरली, तर कोथरूडच्या दहा वर्षांच्या मुलाने कुरकुर केली यात नवल नाही. विश्वामित्राची घाई मात्र आजोबांनी टाळली. नातवाची खिडकीजवळची जागा, त्याचा कप, त्याची सायकल, काहीही काढून मुलीस दिले नाही. तिला तिचे वेगळे दिले.

सर्वांत त्रास झाला तो बाहेरच्या शहाण्यांचा. ‘कोणाची हो?’ असा प्रश्न मुलीच्या देखत विचारला जाई. त्याचा खरा अर्थ काय, हे आपण सारेच जाणतो. आजोबा एकच उत्तर देत: ‘आमची.’ मग चहा येई व विषय बदले. एक आप्त तर तिला समोर बसवून ‘पानी नव्हे, पाणी’ असे दहा वेळा म्हणवून घेऊ लागले. आम्ही सारा जन्म शाळेत ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद शिकविण्यात घालविला आहे. त्या अधिकाराने सांगतो की, पहिल्या महिन्यात ‘ण’ वाचून कोणाचेही अडत नाही. तिची ती बोली हेच तिचे एकमेव सामान होते. आणि ‘आठ वर्षांची झाली तरी वाचन बेताचेच’ म्हणून हळहळणाऱ्यांनी कौळाण्याच्या गोपाळरावाचे स्मरण करावे. शेतकऱ्याचा हा मुलगा बाराव्या वर्षी, १८७५ साली, बडोद्यास दत्तक गेला, तेव्हा त्याचे शिक्षण व्हावयाचेच होते. पुढे सयाजीराव महाराज म्हणून त्यानेच आपल्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले.

नावाचा प्रश्न निघाला, तेव्हाही घरच्यांनी शहाणपण दाखविले. शुनःशेपाचा देवरात झाला, पृथेची कुंती झाली. शुनःशेप म्हणजे कुत्र्याचे शेपूट. ते नाव गेले याचे कोणास दुःख झाले असेल असे वाटत नाही! पण या मुलीचे नाव साधे, गोड होते आणि ते तसेच राहिले. येथे आशा मिरो या लेखिकेची हकीकत आठवते. नाशिक जिल्ह्यात जन्मलेली ही मुलगी मुंबईच्या अनाथालयातून १९७४ साली, सातव्या वर्षाच्या सुमारास, बार्सिलोनाच्या एका दांपत्याकडे गेली. प्रेमळ घर मिळाले. पण घरात मराठी कोणास ठाऊक नव्हती, आणि तिची मराठी गेली. मोठेपणी ती येथे आली, २००३ साली कॅटलान भाषेत तिने आपली कथा लिहिली, पुढे तिला आपली बहीणही भेटली. आणि त्या भेटीत मायबोली उपयोगी पडली नाही. शेजारच्या मुलीचे नशीब एवढे बरे, की तिच्या जर्मनीतल्या घरी मराठीच बोलली जाते.

आजींची खरी परीक्षा मात्र पुढेच होती. मुलगी त्यांच्याकडे ओढली जाऊ लागली. त्यांच्या पदराशी झोंबावे, त्यांच्याच हातचे खावे. कोणत्या आजीस हे नको असेल? सूनबाईंनी काही म्हटले नाही. म्हटले ते आजींनी स्वतःच. ‘तीन आठवड्यांनी ती विमानात बसणार. माझी सवय लागली तर तिला पुन्हा एकदा तोडल्यासारखे होईल.’ त्या दिवसापासून वेणी घालणे, भरविणे, रात्री थोपटणे ही सारी कामे त्यांनी सुनेकडे सोपविली. केस विंचरताना मुलगी ओरडली, तरी त्या पोथीतून डोके वर काढीत नसत. आम्ही एकदा पाहिले, पोथीचे पान अर्धा तास तेच होते. संध्याकाळी आईबाप तिला थोरात उद्यानात घेऊन जात. आजी ओट्यावर बसून वाट पाहत, बरोबर जात नसत.

‘मॅडम’ हा शब्द मध्यंतरी बंद पडला होता. काही दिवस तिने आईला कसलीच हाक मारली नाही. काम असले की समोर येऊन उभी राही. ‘आई म्हण’ असे कोणीही तिला म्हटले नाही. सतराव्या दिवशी न्हाणीघरातून ओरडा आला, ‘आई, पंचा!’ सूनबाई धावल्या. त्यावर घरात कोणी चर्चा केली नाही.

जाण्यापूर्वी जर्मनीतल्या घराच्या, शाळेच्या आणि तिच्या खोलीच्या छायाचित्रांची वही तिला तोंडपाठ झाली होती. संस्थेतल्या मावशींशी फोनवर दोनदा बोलणे झाले. ज्या जुन्या फ्रॉकवर ती आली होती, तो टाकून देऊ नये म्हणून आईने स्वतः पेटीत घातला.

दर रविवारी आता तिकडून फोन येतो. पहिल्या रविवारी तिने आजींना सांगितले, की येथे सकाळी गार पाव खातात, आई कोट घातल्याशिवाय बाहेर सोडत नाही, आणि आई फार रागावते. मग भावाला बोलावून विचारले, ‘माझा स्ट्रायकर तू घेतला नाहीस ना?’