जटामांसी आणि तगर

मोर्शीस वैशाखांत पारा ४५ अंशांस टेंकतो. ह्या हवेंत संत्रीं पिकतील. जटामांसी मात्र कुंडींतही जगावयाची नाहीं. तरी येथील केशतेलांत तिचें नांव असतें, आणि पुष्कळदां नांवच तेवढें असतें!

हिमालयांतील ह्या वनस्पतीची तगर ही सख्ख्या कुळांतली बहीण. (आपल्या अंगणांतली पांढऱ्या फुलांची, चीक निघणारी तगर ती निराळी.) दोघींचीं मुळें उग्रगंधी, दोघींची ख्याति झोंप आणण्याबद्दल; तेव्हां एकीच्या नांवावर दुसरी सहज खपूं शकते. ह्या घोटाळ्यास पंडितांचाही हातभार लागला आहे. सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७९० साली कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्यें जटामांसी म्हणून जिचें वर्णन केलें, ती वस्तुतः तगर होती. शास्त्रांत आधीं दिलेलें नांव सहसा पालटत नाहीं. म्हणून तगर आजही ‘व्हॅलेरियाना जटामांसी’ म्हणवून घेते, आणि खरी ती ‘नार्डोस्टॅकिस जटामांसी’.

संस्कृतज्ञ जोन्ससाहेबांकडून असें व्हावें ह्याचें आम्हांस नवल वाटतें. कारण आपल्या कोशांनीं व निघंटूंनीं खूण नांवांतच सांगितली आहे. जटामांसी ती जटिला, लोमशा, तपस्विनी. तगर ती वक्र, नत, कुटिल. मूळ हातीं घेऊन पाहावें. जटामांसीवर जुन्या पानांचे तांबूस तंतू इतके दाट गुंफलेले असतात कीं बैराग्याची जटाच. तगरेचें मूळ उघडें, गांठाळ आणि वांकडें. पूड घेतली कीं ही पारख खुंटली. सबब पूड घेऊंच नये.

स्वस्थानीं दोघींची गांठ क्वचितच पडते. तगर साधारण १२०० ते ३००० मीटरांवर. पानें हृदयाकार, फुलें पांढरीं, केसर तीन. जटामांसी त्याहून वर, ५००० मीटरांपर्यंत. पानें लांबट, फुलें गुलाबी-जांभळीं, केसर चार. ज्याच्या थंडीचें आम्हां वऱ्हाडकरांस एवढें कौतुक, तें चिखलदरा ११०० मीटरांच्या आसपासच थांबतें!

मूळ हेंच औषध असल्यामुळें तोळाभर जटामांसीसाठीं सबंध रोप उपटावें लागतें, आणि बर्फाच्या प्रदेशांत नवें वाढावयास वर्षें लागतात. १९९७ पासून तिच्या परदेशीं व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण आहे; तरी आज ती अतिसंकटग्रस्त वनस्पतींत गणली जाते. वैद्यानें रोग्याकरितां ती मागावी हें आम्ही समजूं शकतों. केवळ सुवासासाठीं तेल उकळणाऱ्या भगिनींस आपला वाळा आणि कचोरा पुरेसा आहे. मोर्शीच्या उन्हाळ्यांत वाळा तर डोक्यास अधिकच मानवतो.