साथ

आमच्या बडोद्यास दोन वेडे पिढीजात आहेत, एक गाण्याचे आणि दुसरे तालमीचे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या अमदानीत, १८८६ साली, मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. त्याच गावात प्रो. माणिकरावांनी जुम्मादादांचा आखाडा नावारूपास आणला. परंतु ही दोन वेडे एका घरात क्वचितच नांदली. आमच्या घरी तर त्यांचा उभा दावा होता.

माझे वडील दरबारच्या कलावंत कारखान्यात तबल्याच्या साथीस होते. १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. पुढचे सारे आयुष्य त्यांनी शिकवण्या करून आणि आल्यागेल्या गवयाची साथ करून काढले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. गळा बरा निघाला म्हणून मला गाण्यास बसविले आणि त्या दिवसापासून आखाडा वर्ज्य, पाण्यात डुंबणे वर्ज्य, थंडीत सायकल वर्ज्य. "गळा म्हणजे काय पितळी भांडं आहे, चेपलं तर ठोकून घ्यायला?" असे ते म्हणत.

अशा घरातला, पंचेचाळिशीला टेकलेला गायनमास्तर २०२४ च्या ऑक्टोबरात गोव्याच्या समुद्रात पोहला, सायकलीवर बसला आणि भर दुपारी धावलाही, हे कळल्यावर दांडिया बाजारातील ओळखीच्या मंडळींनी तोंडात बोट घातले. त्या मंडळींसाठीच हा लेखप्रपंच.

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तिन्ही गोष्टी एकामागून एक, मध्ये न थांबता करावयाच्या, या शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. हल्लीच्या स्वरूपातील पहिली शर्यत अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९७४ साली झाली. ऑलिंपिकमध्ये ती २००० साली सिडनीस आली. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली जी सुरू झाली, तीत समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. सगळी अंतरे मैलांत मोजून बेरीज केली की ७०.३ भरते, म्हणून तिच्या नावातच तो आकडा आहे. सारे साडेआठ तासांत उरकावे लागते. एक मिनिट उशीर झाला, तरी शर्यत पुरी केली असे धरीत नाहीत.

या भानगडीत मी पडलो तो अपमानाने. दोन वर्षांपूर्वी वर्गात एका विद्यार्थिनीस षड्ज लावून दाखविताना माझाच श्वास तिच्याआधी संपला. मुलगी शहाणी, काही बोलली नाही, पण मान खाली घालून हसली. तपासणीत वजन आणि साखर दोन्ही वर निघाली. शेजारचे भाऊसाहेब बँकेतून निवृत्त झालेले, वय अठ्ठावन्न. ते म्हणाले, "मास्तर, उद्या सहाला तलावावर या." आमचे एक दंतवैद्य मित्र आधीच त्यांच्या नादी लागले होते. असे आम्ही तिघे झालो.

पहिले दोन महिने मी पाणी पिण्यापलीकडे काही केले नाही. भाऊसाहेब छातीभर पाण्यात उभे राहून माझी हनुवटी धरीत आणि म्हणत, "श्वास घ्यायची घाई नको. आधी सोडा." हे तर मी रोज वर्गात सांगत होतो! दोन तानांमध्ये श्वास चोरून घ्यावयाचा, तर आधीचा पुरता खर्च व्हावा लागतो. पाण्यात तोंड असताना सावकाश सोडावयाचा आणि मान वळताच पटकन घ्यावयाचा. एवढे जमल्यावर पाण्याचे भय गेले. पुढे पहाटे पावागडच्या रस्त्याने सायकल आणि कमाटी बागेत धावणे सुरू झाले. सहा महिन्यांत माझा षड्ज पूर्वीपेक्षा लांबला, हे वडिलांना सांगावयास हवे होते. परंतु ते २००९ सालीच गेले.

कोकण रेल्वेने आम्ही गोवा गाठले. शर्यतीच्या दिवशी उजाडताच मिरामारच्या वाळूत उभे असताना माझ्या डोक्यात हिशेब तयार होता. पोहणे म्हणजे विलंबित, सायकल म्हणजे मध्य लय आणि धावणे म्हणजे द्रुत. सात तास चाळीस मिनिटांत भैरवी! गायकाची खोडच ती, मैफल आपल्या नावाची असे मानावयाची.

समुद्र तलावासारखा वागत नाही. लाट अंगावर आली की श्वासाची जागा चुकते. खारट पाण्याने घसा भरला, तेव्हा वडिलांचे शब्द आठवले. तरीही बावन्न मिनिटांनी मी वाळूवर आलो. सायकलीस चार तासांना दोन मिनिटे कमी लागली. कपडे, बूट बदलण्यात गेलेला वेळ धरून धावावयास निघालो तेव्हा पाच तास सहा मिनिटे झाली होती. इथून पुढे माझी द्रुत लय सुरू व्हावयाची.

पण गोव्यातले दुपारचे ऊन कोणाची लय चालू देत नाही. पाय शिशाचे झाले. आठ मिनिटांत एक किलोमीटर, त्याहून जलद काही केल्या जमेना. नवव्या किलोमीटरपाशी रस्त्याच्या कडेस कोणी बसलेले दिसले. पाहतो तो भाऊसाहेब. समुद्रात ते माझ्यापुढे निघून गेले होते. आता डाव्या पोटरीत गोळा आला होता आणि तोंड पांढरे पडले होते.

"मास्तर, तुम्ही व्हा पुढे. वेळ घालवू नका."

मी घड्याळ पाहिले. सहा तास अठरा मिनिटे. माझी सात-चाळीस हुकल्यातच जमा होती, पण आठाच्या आत पोचण्याजोगा जीव होता. खोटे कशास सांगू, दोन पावले पुढे टाकलीही. आणि मग एक जुनी गोष्ट आठवली.

मी दहा वर्षांचा असेन. एका मोठ्या मैफलीच्या फलकावर गवयाचे नाव हातभर अक्षरांत होते आणि वडिलांचे कुठेच नव्हते. घरी येताना मी रडवेला होऊन विचारले, "तुमचं नाव का नाही?" ते म्हणाले, "गाणाऱ्याला समेवर सुखरूप आणून पोचवलं, आपलं काम झालं." मला ते उत्तर दुबळे वाटले. साथीदार व्हावयाचे नाही, हे मी त्या रात्री ठरविले आणि वडील असेपर्यंत त्यांच्या तबल्याकडे थोडे तुच्छतेनेच पाहिले.

मी मागे फिरलो. पोटरी ताणून, मीठपाणी घेऊन भाऊसाहेब उभे राहीपर्यंत दहा मिनिटे गेली. बारा किलोमीटर उरले होते आणि हाती दोन तास. नुसते चालून भागणारे नव्हते. ते धावू लागले की चार पावलांत डावा पाय आखडे. मी सवयीने मोठ्याने केरवा मोजू लागलो, आठ मात्रा. त्याने उलटेच झाले. सम संख्येचा ताल, त्यामुळे जोराची मात्रा दर खेपेस त्याच दुखऱ्या पायावर पडे.

तेव्हा वडिलांचा आवडता रूपक सुचला. मात्रा सात, म्हणून सम एकदा डाव्या पावलावर, तर पुढच्या आवर्तनात उजव्यावर. शिवाय या तालाची समच खाली, तिच्यावर आघात हलका. ती ती ना, धी ना, धी ना. मी बोल म्हणत राहिलो. भाऊसाहेबांना तालाचे काही कळत नाही, पण सातपर्यंत मोजता येते. दहा आवर्तने धावावयाचे, तीन चालावयाचे, असा नेम धरला. त्यांचा श्वास लागला की लय उतरवावयाची आणि जरा सावरले की नकळत चढवावयाची. पुढे पळावयाचे नाही, मागे पडावयाचे नाही, सारा कान दुसऱ्याच्या पावलांकडे. त्या दोन तासांत माझ्या पायांचे दुखणे मला एकदाही आठवले नाही.

वडील जन्मभर काय करीत होते, ते मला वयाच्या पंचेचाळिशीत असे रस्त्यावर कळले.

शेवटच्या कमानीपाशी मी भाऊसाहेबांना पुढे जाऊ दिले. मागून मी पोचलो तेव्हा घड्याळात आठ तास एकवीस मिनिटे झाली होती. नऊ मिनिटे शिल्लक! दंतवैद्य दीड तास आधीच येऊन, शहाळी घेऊन उभे होते. भाऊसाहेब वाळूत बसले आणि धापा टाकीत म्हणाले, "मास्तर, ते ती ती ना अजून कानात चालूच आहे हो."

बडोद्यास परतल्यावर माळ्यावरून वडिलांचा तबला काढला. शाई उडालेली, वाद्या सैल झालेल्या. दुरुस्तीस दिला आहे. लहानपणी घरात ऐकून ऐकून हात थोडाफार बसला होता, तेवढ्याच भांडवलावर रोज अर्धा तास बसतो. आमच्या वर्गाच्या पुढच्या कार्यक्रमात ती विद्यार्थिनी रूपकात एक बंदिश गाणार आहे. तिच्या साथीस मी बसणार आहे. पत्रिकेवर नाव तिचेच घालावयास सांगितले आहे.