देणारे हात एकमेकांना भेटतील का?

जून महिना लागला की आपल्या वस्त्यांमध्ये वह्यावाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. जयंती मंडळ वह्या देते, विहार समिती देते, नोकरीतले आपले बांधवही वर्गणी काढून देतात. हे सर्व मनापासून चालते आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण गेल्या वर्षी आमच्याच वस्तीत जे घडले, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घरकाम करून संसार चालवणाऱ्या एका भगिनीच्या मुलीला तीन कार्यक्रमांत मिळून चार डझन वह्या मिळाल्या. त्याच मुलीला पदविकेला प्रवेश मिळाला होता. फीचा पहिला हप्ता भरायला मात्र घरात पैसे नव्हते. मुदत टळली, जागा गेली. तिन्ही संस्थांचे कार्यकर्ते एकाच गल्लीतले. रोज एकमेकांना जयभीम करतात. पण कोण कोणाला काय देतो, हे कोणीच कोणाला विचारले नाही. त्यांत आम्हीही होतो.

शिक्षणाला एकाच हाताची मदत पुरत नाही, हे खुद्द बाबासाहेबांच्या चरित्रात दिसते. 1913 साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. ही मदत एकदाची नव्हती, ती तीन वर्षांसाठी दरमहा ठरलेली होती. म्हणूनच तेथे सलग अभ्यास होऊ शकला. पुढे 1916 साली ते लंडनला गेले. पण 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. नंतर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. तेव्हा कुठे 1920 साली ते पुन्हा लंडनला पोहोचले आणि 1923 साली डी.एस्सी. झाले.

बाबासाहेबांची जिद्द होती म्हणून तीन वर्षांनी अभ्यास पुन्हा सुरू झाला. आपल्या सामान्य मुलामुलींचे शिक्षण एकदा सुटले की बहुधा कायमचेच सुटते. मुलगा कामाला लागतो, मुलीचे लग्न ठरते. मग ऑगस्टमधल्या सत्कार समारंभाचा त्यांना काय उपयोग?

यासाठी मोठी संस्था काढण्याची गरज नाही. वैशाख पौर्णिमेला आपण सारे विहारात जमतोच. त्याच दिवशी वस्तीतल्या सर्व देणाऱ्यांनी तासभर एकत्र बसावे. मदतीचा अर्ज सर्वांचा मिळून एकच असावा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका यांच्या झेरॉक्स घेऊन आईने चार दारी का फिरावे? एक सामाईक वही ठेवावी. त्यात कोणाची गरज काय आणि ती कोण भागवणार, हे लिहावे. एकाने फी द्यावी, दुसऱ्याने पुस्तके, तिसऱ्याने बसचा पास किंवा वसतिगृहाची अनामत रक्कम. सरकारी शिष्यवृत्ती अनेकदा उशिरा हाती पडते. तोवर फी उसनी द्यावी, शिष्यवृत्ती आली की परत घ्यावी. भथेनांची मदतही कर्जच होती.

आणखी दोन गोष्टी. नव्वद टक्क्यांच्या मुलाला सगळेच बोलावतात, बावन्न टक्क्यांच्या मुलीकडे कोणी पाहत नाही. खरे तर आधाराची गरज तिलाच जास्त असते. ज्याला हात दिला त्याला अभ्यासक्रम संपेपर्यंत सोडू नये. आणि फीची मदत व्यासपीठावर बोलावून, फोटो काढून देऊ नये. घरी जाऊन, आईच्या हाती द्यावी. काय कमी पडते हेही तिलाच विचारावे.

काही कार्यकर्ते विचारतील, आमच्या मंडळाचा पैसा दुसऱ्यांच्या वहीत कशाला? बांधवांनो, पैसा ज्याच्या त्याच्याच पेटीत राहील, पावतीही त्याच्याच नावाची फाटेल. फक्त माहिती एकत्र येईल. हिशोब मात्र सर्वांनीच विहाराच्या फलकावर लावावा. हिशोब दिसला की वर्गणी देणाऱ्याचा विश्वास वाढतो.

नागपूरला धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी प्रत्येकाला मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले. गिरणी कामगाराने, सफाई कामगाराने पोटाला चिमटा घेऊन तो दिला. अशा घामाच्या पैशातला एक रुपयाही चुकीच्या ठिकाणी जाऊ नये, ही आपली जबाबदारी आहे.

आमच्या विहारात यंदा अशी वही ठेवली आहे. त्या मुलीने पुन्हा अर्ज केला आहे. तिचा पहिला हप्ता तिन्ही संस्थांनी मिळून आधीच बाजूला काढून ठेवला आहे. आपल्या वस्तीतही अशी वही ठेवावी, एवढीच विनंती.

जयभीम!